खालची टाकी

काही घरांत किस्से लग्नकार्यांचे असतात, काही घरांत भाऊबंदकीचे. आमच्या घरातले टाकीचे आहेत. ते कुणी मुद्दाम साठवत नाही. रोज थोडं थोडं पडत जातं, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, "अगं, भरली वाटतं!" मग रिकामं करावंच लागतं.

मी चारचौघांत फारशी बोलत नाही. त्यामुळे माझ्याकडे बरेच साठलेत. तुम्ही जेवायला बसला असाल तर मात्र आधी जेवून घ्या.

साताऱ्यात माझ्या पप्पांचं गाड्यांच्या बॉडीचं वर्कशॉप आहे. ट्रकच्या, टेम्पोच्या बॉड्या बांधता बांधता त्यांनी एक जुनी सतरा सीटर घेतली, खिडकीजवळची एक सोडून सगळ्या सीटा काढल्या आणि आत घर केलं. दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात संडास. अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. लोक ती भाड्यानं नेतात. कुणी कासला, कुणी महाबळेश्वरला, कुणी देवदर्शनाला.

गाडीत टाक्या दोन. टपावर स्वच्छ पाण्याची, ती 'वरची'. आणि संडासातलं सगळं जिथं जमा होतं ती चेसिसला बांधलेली जाड प्लास्टिकची, ती 'खालची'. भाड्यावरून गाडी परत आली की खालची रिकामी करून धुवावी लागते. ते काम पप्पा आणि सर्जेराव काका करतात. सर्जेराव काका म्हणजे गाडीचे ड्रायव्हर, मूळचे खंडाळ्याकडचे, पप्पांचे जुने मित्र. मी लांब उभी राहून नळ चालू-बंद करते. लांबून सगळं नीट दिसतं.

*

खरं तर ही गाडी भाड्यानं देण्यासाठी बांधलेलीच नव्हती. ती बांधली आत्यासाठी.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. सांगलीला विश्रामबागेत राहते. तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला सारखं जावं लागतं आणि लागली की थांबता येत नाही. एकदा आमच्याकडे येताना कराडच्या अलीकडे, भरल्या गाडीत, तिला थांबता आलं नाही. कुणी काही बोललं नाही. पण आत्या तिथूनच परत गेली, आणि त्यानंतर तिनं सांगली सोडली नाही. देऊळ, भाजी, दवाखाना, सगळं घराजवळच.

इकडे पप्पांनी नवीन घर बांधलं. फरशी बसली, रंग झाला, आईला हवा तसा मोठा ओटा झाला. पण आमच्याकडे नव्या घरात पहिलं दूध घरच्या लेकीनं उतू घालवायचं असतं. पप्पा म्हणाले, "ताईच्या हातानं दूध उतू जाईल, त्या दिवशी आपण राहायला जायचं." तेव्हापासून घराला कुलूप आहे आणि आम्ही वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत आहोत.

गाडी तयार झाली तेव्हा पप्पांनी आत्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"ताई, गाडीतच संडास केलाय. कमोड. धरायला दांडी पण बसवलीय. वाटेल तेव्हा जा."

"आणि ते जातं कुठं?"

"खाली टाकी आहे."

"ती कोण धुतं?"

"मी धुतो की!"

आत्या म्हणाली, "म्हणजे वाटेत जाणारी मी एकटी. टाकीत असणार ते माझं एकटीचं. आणि ते तू धुणार?"

"मग काय झालं?"

"बाळू, तुझी दुपटी मी धुतलीत. ते उलटं करायचं नाही!"

आणि तिनं फोन ठेवला. पप्पा बंद फोनकडे बघत राहिले. मग सर्जेराव काकांना म्हणाले, "तोपर्यंत भाड्यानं देऊ."

*

खालची टाकी पहिल्यांदा बसवली तेव्हा ती कुठे गळते का हे बघायचं होतं. साधं पाणी गळलं तर काळ्या चेसिसवर पटकन दिसत नाही. पप्पांना एक युक्ती सुचली. पाण्यात हळद घालायची!

आईच्या डब्यात वर्षाची हळद होती. आत्यानं सांगलीच्या बाजारातून पाठवलेली, रंगाला अशी की बोटाला लागली तर दोन दिवस जात नाही. पप्पांनी सगळा डबा टाकीत उपडा केला. आई तेव्हा घरात नव्हती.

काकांनी गाडी गल्लीतून चौकापर्यंत नेली आणि परत आणली. टाकी गळते की नाही हे वाकून बघायची गरजच पडली नाही. वर्कशॉपपासून चौकापर्यंत रस्त्याच्या मधोमध एक पिवळीधमक रेघ उमटली होती.

कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले मामा नाकाला रुमाल लावून बाहेर आले. "आवं, आजच बसवली न्हवं टाकी? एवढ्यात कोण गेलं?"

"मामा, हळद आहे ती! हळद!" पप्पा ओरडले.

"व्हय व्हय. सगळी असंच म्हणत्यात!"

तोपर्यंत गल्लीतले सगळे दारात आले होते. सर्जेराव काका शांतपणे खाली उतरले. गाडीखाली वाकले, टपटपणाऱ्या पाण्याखाली बोट धरलं आणि ते बोट सरळ तोंडात घातलं.

काकांनी दोनदा जीभ फिरवली.

"मीठ घालायचं राह्यलंय. बाकी आमटी झ्याक हाय!"

*

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, वेल्डिंगचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. गाडी नवीन, म्हणून तिला मोठा हार. आईनं स्टेअरिंगला कुंकू लावलं, इंजिनाला लावलं, आत ओट्यालाही लावलं आणि ताट घेऊन माघारी वळली.

बघते तर सर्जेराव काका गाडीखाली आडवे. त्यांनी खालच्या टाकीच्या व्हॉल्व्हला झेंडूची माळ बांधली होती आणि उदबत्ती ओवाळत होते.

"अहो भावजी! तिथं कुठं पूजा करताय?"

काका खालूनच म्हणाले, "वैनी, स्टेरिंग रुसलं तर गाडी थांबंल. ह्ये रुसलं तर मानसं पळत्याली!"

आईनं ताटातला पेढा त्यांच्या हातावर ठेवला. मग आणखी एक दिला आणि म्हणाली, "हा त्याचा."

*

टाकी धुण्याची पद्धत सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडी थोडी उतारावर लावायची. हातमोजे, गमबूट. टाकीला जाड पाइप जोडायचा, त्याचं दुसरं टोक वर्कशॉपच्या सेप्टिक टँकमध्ये. मग व्हॉल्व्ह ओढायचा. सगळं निघून गेलं की टाकीत अर्ध्यापर्यंत स्वच्छ पाणी भरायचं, गाडीला एक चक्कर मारायची म्हणजे पाणी आत हिंदकळतं, आणि परत सोडायचं. असं पाणी निवळेपर्यंत. ते बघायला पप्पांनी पाइपाला मध्ये एक पारदर्शक तुकडा बसवलाय. तिथं लक्ष ठेवायचं आणि पाण्याचा रंग ओरडून सांगायचा.

"काय रंग?" पप्पा विचारायचे.

"च्या!" काका सांगायचे. दुसऱ्या पाण्याला, "उसाचा रस!" तिसऱ्याला, "लिंबू सरबत!" आणि शेवटी, "बिसलेरी!"

एकदा घरात पाहुणे होते आणि आई त्यांना विचारत होती, "काय घेणार, चहा की सरबत?" त्याच वेळी मागच्या बाजूनं काकांचा आवाज आला, "सरबत झालं, आता फकस्त बिसलेरीची वाट बघायची!" पाहुणे खूश झाले. म्हणाले, "मग सरबतच घेऊ की!"

त्या दिवसापासून टाकीजवळ खाण्यापिण्याच्या वस्तूंची नावं घ्यायला आईनं बंदी केली आहे. आता काका वहीच्या कव्हरांचे रंग सांगतात.

प्रत्येक धुण्यानंतर पप्पा न चुकता आत्याला फोन करायचे. "ताई, टाकी एकदम चकाचक केली बघ."

"छान," आत्या म्हणायची. "लोकांची धू."

*

नुसत्या पाण्यानं कोपऱ्यातलं निघत नाही. पप्पांनी कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं की टाकीत बर्फाचे तुकडे आणि जाडं मीठ टाकून गाडी घाटातून फिरवली की आतून घासल्यासारखी स्वच्छ होते. काका बर्फ आणायला कारखान्यात गेले.

"एक लादी द्या."

"लगीन हाय का?" बर्फवाल्यानं विचारलं.

काका सरळ मनाचे. "न्हाई, संडासात टाकायची हाय."

बर्फवाल्याला राग आला. "आवं, माझा बरफ लोकं सरबतात घालत्यात, आईस्क्रीमला लावत्यात! चला, व्हा पुढं!"

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि लग्न आहे म्हणाले. लादी मिळाली. वर्कशॉपच्या अंगणात पोत्यावर ठेवून तिचे तुकडे करायला लागले, तर गल्लीतली पोरं पेले घेऊन आली. त्यांना वाटलं गोळा मिळणार! मग निम्मी लादी पोरांना गेली, आईनं वरून कोकम सरबत ओतलं, आणि उरलेली टाकीत. काका खंबाटकी घाटातून चक्कर मारून आले. टाकी खरंच स्वच्छ निघाली.

आठवड्याभरानं बर्फवाला रस्त्यात भेटला. "काय सर्जेराव, लगीन झालं का नीट?"

"झ्याक झालं."

"पोरीकडची मानसं कशी हाईत?"

काकांनी जरा विचार केला. "स्वच्छ हाईत," म्हणाले.

*

माझं अक्षर बरं आहे, म्हणून संडासाच्या दारामागे लावायची पाटी पप्पांनी मला लिहायला सांगितली. मी तीन वेळा लिहून बघितली. शेवटी असं लिहिलं: "कृपया आत कागद, कापूस, प्लास्टिक टाकू नये. वापरून झाल्यावर पायाजवळचा खटका दाबावा. आपला प्रवास सुखाचा होवो."

"लय मवाळ झालं," काका म्हणाले. "जरा दम द्यायचा." पण पप्पांनी तीच लावली.

एक कुटुंब गाडी घेऊन कोकणात जाऊन आलं. आजी, आई-वडील आणि एक लहान मुलगी. गाडी धुताना मी पाटी पुसायला गेले, तर तिच्या खाली पेन्सिलनं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: "आमची आजी सगळ्या समुद्रांवर आली."

मी पाटी न पुसताच पप्पांना आणि काकांना बोलावलं. पप्पांनी ते वाचलं. चष्मा काढला, परत वाचलं. मग फोटो काढून आत्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला. निळ्या खुणा आल्या. आम्ही तिघंही फोनकडे बघत उभे होतो. बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं, थांबत होतं, परत दिसत होतं.

शेवटी आत्याचं उत्तर आलं.

"पोरीचं अक्षर छान आहे."

*

विट्याचे एक पाहुणे होते. विट्याची पुष्कळ माणसं देशभर सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. दागिने घडवताना सोनाराच्या दुकानात जी धूळ उडते, ती झाडून, धुऊन, जाळून त्यातलं सोनं वेगळं काढायचं. हे पाहुणेही केरळात तेच करायचे. सुट्टीला गावी आले आणि बायको-मुलांना घेऊन गाडीनं महाबळेश्वरला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या बायकोचं तोंड उतरलेलं. तिच्या कानातली एक कुडी संडासात पडली होती आणि खटका दाबल्यावर तिच्या लक्षात आलं होतं.

पप्पांनी गमबूट चढवले. "काळजी करू नका वहिनी, मी बघतो."

पाहुण्यांनी त्यांना अडवलं. "थांबा दादा. हे काम तुमचं नव्हं, आमचं हाय. आम्ही जल्मभर हेच केलंय."

त्यांनी शर्ट काढून ठेवला, हातमोजे घातले आणि आईकडे पिठाची जुनी चाळण मागितली. आईनं चाळण दिली आणि "परत आणू नका" असंही सांगितलं. मग त्यांनी टाकी अशी काही सोडली की बघत राहावं. व्हॉल्व्ह बोटभरच उघडायचा, थोडं थोडं पाणी, चाळण सारखी हलती. तोंडानं एक शब्द नाही. काका नेहमी टाकीपाशी बडबड करतात, तेही गप्प उभे होते.

आणि एकदम चाळणीत टिक् असा आवाज आला.

पाहुण्यांनी कुडी साबणानं धुतली, मिठानं धुतली, लिंबानं धुतली आणि तळहातावर धरून बायकोपुढे केली. "घे. पार नवी झाली."

बायको दोन पावलं मागे सरली. "मी न्हाई घालायची ती!"

"अगं, सोनं हाय! गाळून देतो पाहिजे तर. आगीत घातलं की काय उरतंय का?"

"गाळा की. गाळा आणि तुमच्या आईला अंगठी करा!"

*

सांगलीच्या बाजूला भाडं असलं की टाकी आम्ही आण्णांच्या मळ्यावर सोडतो. आण्णा जैन शेतकरी, सांगलीच्या बाहेर त्यांचा ऊस आणि द्राक्षं आहेत. गोठ्याशेजारी गोबरगॅसची मोठी टाकी आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा पप्पांनी विचारलं, "आण्णा, गोबरगॅसात सोडली तर चालेल का?"

"टाकीत औषध घातलंय?" आण्णांनी विचारलं.

वास येऊ नये म्हणून बाजारात निळं औषध मिळतं, ते पप्पा घालायचे. त्यांनी अभिमानानं सांगितलं, "घातलंय की! सगळे जंतू मरतात."

आण्णांनी दोन्ही हात जोडले. "मग नको रे बाबा. आमच्या गॅसात जीव हाईत. त्यांच्या जिवावर आमचा सैपाक होतो. त्यांना मारायचं पाप कशाला माझ्या दारात?"

त्या दिवशी टाकी तशीच साताऱ्याला परत आली. पण पप्पांनी निळं औषध बंद केलं. पुढच्या खेपेला बिनऔषधाची टाकी घेऊन गेले तेव्हा आण्णा स्वतः गोबरगॅसचं झाकण उघडून उभे राहिले.

त्यानंतर महिन्याभरानं परत गेलो. या वेळी आईही बरोबर होती. टाकी सोडून झाली, हातपाय धुतले, आणि आण्णांनी आग्रहानं सगळ्यांना घरात नेलं. काकूंनी आलं घालून फक्कड चहा केला. आईनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "किती छान झालाय हो!"

"होणारच की!" आण्णा मनापासून हसले. "मागच्या खेपेचा तुमचाच ग्यास हाय!"

आईचा कप तोंडापाशीच थांबला. तिनं पप्पांकडे बघितलं, पप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. काकू कौतुकानं आईच्या कपाकडे बघत होत्या. आईनं तो चहा संपवला. पुरता संपवला, आणि वर म्हणाली, "अर्धा कप अजून चालेल."

*

घर बांधून झालं त्यानंतरचा पावसाळा गेला. बंद घरात ओल यायला लागली. आई दर रविवारी जाऊन खिडक्या उघडायची, ओटा पुसायची आणि संध्याकाळी परत कुलूप लावून यायची. पप्पांनी आत्याला सांगणं सोडून दिलं होतं.

एके दिवशी आत्याचाच फोन आला, पप्पांना नाही, आईला. "नंदा, ओटा कसा झालाय गं?"

"छान झालाय, ताई."

"काय काय केलंस त्याच्यावर?"

"काही नाही अजून. पुसते फक्त."

आत्या म्हणाली, "येते मी. बाळूला गाडी आणायला सांग. पण ऐक. आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याचा थेंब घेणार नाही. सांगलीत बसेन ती साताऱ्यात उतरेन. त्या टाकीत माझं काही पडणार नाही."

"ताई, अहो तब्येतीला—"

"असं असेल तर येते. नाहीतर राहू दे."

आईनं फोन ठेवला आणि पप्पांना फक्त एवढंच सांगितलं, "येतायत." पप्पा उठून सरळ गाडीकडे गेले आणि स्वच्छ टाकी परत एकदा धुतली.

*

आणि हा शेवटचा.

आम्ही सगळे आत्याला आणायला गेलो. पप्पा, आई, मी आणि गाडी चालवायला सर्जेराव काका. आत्या नवीन साडी नेसून दारात तयारच होती. काकांनी पायरीपाशी हात पुढे केला, "या आक्का." ती चढली. पलंगावर टेकली नाही. खिडकीजवळच्या सीटवर, मांडीवर पर्स घट्ट धरून, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी बसली.

आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. आईनं पाण्याची बाटली पुढे केली, आत्यानं मान हलवली. मी मोसंबी सोलून दिली, ती तिनं माझ्याच हातात परत ठेवली. तिचे ओठ पांढरे पडले होते. काका एरवी गाडी चालवताना गाणी म्हणतात, त्या दिवशी एकही म्हटलं नाही. प्रत्येक खड्ड्याला गाडी एवढी हळू घेत होते की मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. संडासाचं दार आत्याच्या समोरच होतं. ती तिकडे बघत नव्हती.

कराडच्या अलीकडे काकांनी एका हॉटेलपाशी गाडी उभी केली. मोठं हॉटेल, बाहेर कुंड्या, चकचकीत फरशी.

आई खाली उतरली आणि हॉटेलच्या दारापर्यंत गेली. तिथल्या वेटरनं बोट दाखवलं, "म्याडम, वॉशरूम तिकडं." आई तिथंच थांबली. मग वळली, परत गाडीत चढली, आत्याच्या समोरून गेली आणि आमच्या संडासात शिरून तिनं कडी लावली.

थोड्या वेळानं खटक्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. आई बाहेर आली, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "जा."

मला लागली नव्हती. आणि बाहेर माणसं बसलेली असताना त्या दारातून आत जायचं म्हणजे माझे कान तापतात. पण आईकडे बघितलं आणि मी गेले. बाहेर आले तेव्हा पप्पा दाराशी उभे होते. माझ्याकडे न बघता ते आत गेले.

पप्पांच्या मागे सर्जेराव काका. ते खाली पायरीपाशी, हाताची घडी घालून, रेशनच्या रांगेत उभं राहावं तसे उभे राहिले होते. आई त्यांच्या मागे जाऊन परत उभी राहिली. मग मीही.

वेटर पळत पळत आला. "साहेब, आमचं वॉशरूम चालू हाय! स्वच्छ हाय! पैसं बी नाहीत!"

"असूं दे, असूं दे," काका म्हणाले. "आमी लायनीत हाय."

वेटरनं गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, हॉटेलकडे बघितलं.

आत्या खिडकीतून हे सगळं बघत होती. तिनं पर्स मांडीवरून बाजूला ठेवली.

"ए बाळा," तिनं वेटरला हाक मारली. "पाणी आण रे. पेलाभर नको, तांब्याभर आण."

त्यानं तांब्या आणून दिला. आत्यानं वर मान करून, मध्ये न थांबता, तो सगळा संपवला. तोंड पुसलं, साडी सारखी केली आणि सीटच्या दांडीला धरून उभी राहिली. तेवढ्यात पप्पा संडासातून बाहेर आले आणि सर्जेराव काकांनी पायरीवर पाय ठेवला.

"सर्जेराव, खाली उतर!" आत्या म्हणाली. "रांग कसली लावलीय? घरात सगळ्यात मोठी कोण आहे? आधी मी!"